बाईंच्या रेकॉर्डची दुसरी बाजू

सोमवार, ३ फेब्रुवारी

नाही म्हणजे नाहीच म्हणाले साहेब. रेकॉर्डची दुसरी बाजू ऐकायची नाही!

मी तयारी करून गेले होते. म्हटलं, साहेब, दोन बाजूंचे साचे वेगळे असतात. मध्ये प्लॅस्टिकचा गरम गोळा, वर एक साचा, खाली एक. वरचा चांगला म्हणून खालचा चांगलाच असेल, हे कुणी सांगितलं? तर हसले. "अगं पदवीधर, नाणं एका बाजूनं खरं असलं की दुसऱ्या बाजूनं खोटं निघतं का?" शेजारी उभे असलेले प्रेसवाले मामाही हसले. मग मीही हसले. ह्याचाच जास्त राग येतोय.

म्हणजे माझं काम आहे तसंच. कारखान्यातल्या काचेच्या खोलीत बसायचं, खेपेतली एखादी रेकॉर्ड उचलून लावायची, पहिली बाजू ऐकायची, सुई कुठे अडखळते का, खरखर आहे का ते सांगायचं. आणि उलटायच्या आत पुढची घ्यायची. वेळ वाचतो म्हणे. अर्ध्या रेकॉर्डची परीक्षक मी!

वर आणि एक नवं काम. महिना संपता संपता मोठं प्रदर्शन आहे, तिथे साहेब बोलणार. विषय — रेकॉर्डचं भविष्य. "तू लिहून दे. तुझा विश्वास आहे त्यावर. माझा नुसता धंदा आहे."

हे चेष्टेत म्हणाले. पण मला आवडलं. लगेच विरघळले. काय म्हणावं मला!


मंगळवार, ४ फेब्रुवारी

बाबांनी शेजारच्या काकांना सांगितलं — आमची मुलगी कंपनीत अधिकारी आहे. कसली अधिकारी, हे काकांनी विचारलं नाही म्हणून वाचले.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

भाषणाचं पहिलं पान लिहिलं आणि दादाला वाचून दाखवलं. चूक केली.

मी लिहिलं होतं — रेकॉर्ड ऐकायची तर माणसाला उठावं लागतं. ती कव्हरमधून अलगद काढावी लागते, कडेनं धरावी लागते. एक बाजू संपली की पुन्हा उठून उलटावी लागते. हा त्रास म्हणजेच ऐकणं. जे आपोआप वाजतं ते आपोआप विसरलं जातं. म्हणून रेकॉर्ड टिकेल.

दादा मोबाइल दुरुस्त करतो. जगातली सगळी गाणी त्याच्या खिशात असतात. म्हणाला, "उठावं लागतं म्हणून टिकेल? मग विहिरीवरनं पाणी आणणं का नाही टिकलं गं?"

आई भाजी निवडत होती. "नको रे तिला बोलूस. शिकलेली आहे ती." हे कौतुक होतं की टोमणा, आईच जाणे.

उत्तर आत्ता सुचतंय — विहिरीचं पाणी आणि नळाचं पाणी एकच, पण गाणं... नाही. हेही जमत नाहीये.

आणि आमच्या घरात प्लेअर नाहीच. भविष्य लिहिणारी मी, आणि रेकॉर्ड ऐकते ती फक्त पगारी वेळात.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

बँड! बाईंच्या रेकॉर्डवर बँड!

थांब. नीट लिहू दे.

प्लेअरला नवी सुई बसवली होती. ती तपासायला शांत जागा असलेली रेकॉर्ड लागते. मी बाईंची घेतली. कारखान्यानं स्वतःच्या नावानं काढलेली ही एकच रेकॉर्ड. बाकी सगळं दुसऱ्यांचं काम. बाई म्हणजे साहेबांच्या शाळेतल्या गाण्याच्या शिक्षिका. निवृत्त होऊन कैक वर्षं झाल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, गेल्या उन्हाळ्यात त्यांची रेकॉर्ड निघाली. तेव्हा मी इथे नव्हते. पहिली बाजू मला पाठ आहे. मुलाखतीला आले तेव्हा हीच वाजत होती, आणि मी मनात म्हटलं होतं, नोकरी करीन तर इथेच.

पहिली बाजू संपली. मामा जेवायला गेले होते, पुढचं काम आलं नव्हतं. म्हणून उलटली. लेबलवर बाईंचं नाव. खाली छापलेलं — स्वतः बांधलेली तीन गाणी. सुई टेकवली.

ढोल. झांजा. ट्रम्पेट. अग्निशमन दलाचं बँडपथक! मध्येच एक माणूस ओरडतो — "सावधान!"

मला वाटलं एखादीच बिघडली असेल. गोदामातून आणखी आणल्या. सगळ्यांवर सावधान. सगळ्यांवर!

मामा आले. ऐकल्यावर स्टुलावर बसलेच. बाईंचं काम आणि बँडचं काम एकाच आठवड्यात होतं म्हणे. साचे शेजारशेजारच्या खुंट्यांवर टांगलेले. दोन्ही दिसायला आरशासारखे, ओळखायचा आकडा आतल्या कडेला, केसासारखा बारीक. चुकीचा चढला. आणि दुसरी बाजू ऐकायची नाही हा नियम! बाईंचा खरा साचा अजून खुंटीवर आहे. एकदाही प्रेसमध्ये न गेलेला.

गेल्या उन्हाळ्यापासून शेकडो लोकांनी ही रेकॉर्ड विकत घेतली आहे. सगळ्यात जास्त खपलेली आमची तीच. तक्रार एकही नाही. एकही!


बुधवार, १२ फेब्रुवारी

साहेबांनी दार लावून घेतलं. ऐकली. "सावधान" आलं तेव्हा खुर्चीत ताठ झाले. एरवी मला हसू आलं असतं.

मी म्हटलं, सगळ्या दुकानांना कळवू या. रेकॉर्डी परत मागवू. बाईंना आजच्या आज सांगू.

"तक्रार कुणी केली?"

"कुणी नाही, पण—"

"मग ज्यांना त्रासच नाही त्यांना मुद्दाम त्रास करून द्यायचा?"

"साहेब, चूक आहे ना ही!"

"झाकली मूठ सव्वा लाखाची, पदवीधर. प्रदर्शनाला ती मोठी कंपनी येणार आहे. त्यांचं काम मिळालं तर दुसरी प्रेस चालू होईल. बाहेर कळलं की इथे एकाच्या नावावर दुसराच वाजतो, तर आहे तिलाही कुलूप. मामांना ह्या वयात कोण उभं करील?"

मामा दाराबाहेरच होते. त्यांच्या चपला दिसत होत्या.

मग साहेबांचा आवाज उतरला. "आणि त्या माझ्या बाई आहेत गं. त्यांना मी काय तोंड दाखवू? त्यांच्याकडे प्लेअरही नाही. कव्हरवरचा फोटो बघून खूश आहेत. असू दे."

मी ऐकणाऱ्यांबद्दल काहीतरी मोठं बोलायला लागले. विश्वासघात वगैरे. तर मध्येच म्हणाले, "तू? तुझी एवढी आवडती रेकॉर्ड. तू कधी उलटली होतीस का?"

कामाच्या वेळात पुढची रेकॉर्ड वाट बघत असते. घरी प्लेअर नाही. ही कारणं खरी आहेत. तरीही नव्हती उलटली.


शनिवार, १५ फेब्रुवारी

सुट्टी होती म्हणून बाजारातल्या मोठ्या दुकानात गेले. पुढे रेकॉर्डी, मागे त्या भिंतीवर लावायच्या फ्रेमा. फ्रेमा जास्त.

कारखान्यातून आले म्हटल्यावर दुकानदारानं स्टूल दिलं. "तुमच्या बाई मस्त चालतात. चेहरा काय आहे! पांढरेशुभ्र केस, मागे काळा रंग. कुठल्याही भिंतीवर जातात."

"ऐकून कुणी काही म्हणालं?"

"ऐकून?" त्यानं असं बघितलं, जणू मी विचारलं होतं, चाटून कशी लागते.

माझ्याएवढीच एक मुलगी बाईंची रेकॉर्ड घेत होती. मी विचारलं, प्लेअर कुठला आहे तुमच्याकडे? "घ्यायचाय अजून. आधी चार-पाच जमू देत." मी म्हटलं, ह्यातली गाणी फोनवर मिळत नाहीत, माहीत आहे ना? "म्हणून तर घेतेय!" मग ऐकणार कशी? "ऐकेन की कधीतरी."

मला तिचा राग यायला हवा होता. पण जाता जाता ती म्हणाली, "फोनमधलं काही आपलं वाटत नाही हो. ही माझी आहे." तिनं ती छातीशी धरली होती. अगदी मी लिहिलं होतं तशी — कडेनं.

पुढे होऊन तिला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दुकानदार बघत होता, आणि डोळ्यांसमोर साहेब होते, आणि मामांच्या चपला.


रविवार, १६ फेब्रुवारी

दादानं फोनवर शोधून काढलं. कुणी एक संगीतप्रेमी आहे, त्याला हजारो लोक वाचतात. त्यानं बाईंच्या रेकॉर्डवर लिहिलंय — "दुसऱ्या बाजूवर त्यांचा स्वर अधिक अंतर्मुख होत जातो."

अंतर्मुख! ट्रम्पेट!

दादा गादीवर लोळून लोळून हसला. "सावधान! अंतर्मुख हो!" मीही हसले. आईसुद्धा हसली. मग मला एकदम रडू आलं. दादा म्हणाला, "बरं बाई, टिकेल तुझी रेकॉर्ड. फ्रेम मजबूत असते." समजूत घालायची त्याची ही पद्धत.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

बाईंच्या रेकॉर्डची नवी खेप दाबायची आहे. एवढी खपली! ह्या वेळी दोन्ही साचे बरोबर चढवायचे आणि जुन्या खेपेबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. साहेबांनी मला आणि मामांना एकत्र बोलावून सांगितलं.

मामा नंतर म्हणाले, "पोरी, चूक माझी आहे. तू का जिवाला लावून घेतेस?" मी म्हटलं, मामा, चूक तुमची नाही, न ऐकण्याची आहे. तर म्हणाले, "ते पुस्तकात ठीक आहे. साचा मी चढवला." आणि प्रेस पुसायला लागले, पुसलेलीच.

भाषण अजून एका पानावरच.


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज ऐकली. खरी दुसरी बाजू. नव्या खेपेतली पहिलीच रेकॉर्ड मामांनी गरम गरमच आणून दिली.

पहिल्या बाजूवर बाई शिक्षिका असतात. प्रत्येक स्वर जागच्या जागी, वर्गात मुलं बसावीत तसा. दुसऱ्या बाजूवर त्या कुणीतरी वेगळ्याच आहेत. एका ठिकाणी त्यांनी खोकला दाबलेला कळतो. शेवटचं गाणं शाळा सुटल्यानंतरच्या रिकाम्या बाकांना उद्देशून आहे. कोण कुठे बसायचं, कोण बेसूर होतं, कोण पुढे कधी भेटलंच नाही. आवाज दोनदा हलतो, आणि त्या तो सावरत नाहीत. हलू देतात.

गाणं संपल्यावर थोडी शांतता. मग बाई हळूच विचारतात, "जमलं का रे?" आणि एक पुरुषाचा आवाज — "जमलं, बाई." ते तसंच ठेवलं आहे.

आवाज साहेबांचा.

मान वर केली तर ते काचेबाहेर उभे होते. आत आले नाहीत. मी दार उघडायला उठले तोवर गेले.

असं गाणं खुंटीवर टांगून ठेवलं आपण, आणि लोक भिंतीवर फोटो टांगत राहिले! कुणाचा जास्त राग यावा तेच कळत नाही.


सोमवार, २४ फेब्रुवारी

भाषण दिलं लिहून. रागाच्या भरात एका बैठकीत लिहिलं. गोड काही ठेवलंच नाही. लिहिलं की रेकॉर्डला भविष्य आहे, छान आहे, दर वर्षी जास्त खपतील. भविष्य नाही ते ऐकणाऱ्याला. आम्ही पूर्वी कानांसाठी रेकॉर्डी दाबायचो, आता भिंतींसाठी दाबतो. भिंतींना कान असतात म्हणतात. असतील तर बरं, कारण आता सगळी भिस्त त्यांच्यावरच आहे.

साहेब चिडतील, कागद फाडतील, मग मी राजीनामा देईन, असं घोकत केबिनबाहेर उभी होते. राजीनाम्याची पहिली दोन वाक्यंही तयार होती.

साहेब बाहेर आले. "झकास! भिंतींना कान! हे कुठून सुचतं तुला?"

पालथ्या घड्यावर पाणी. नाही, त्याहून वाईट. ह्या घड्यात राग ओतला की सरबत बाहेर येतं.


शनिवार, १ मार्च

प्रदर्शन.

कापडी पिशव्या छापल्या आहेत त्यांनी! पुढे कारखान्याचं नाव, मागे — "भिंतींना कान देऊ या." येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर माझा राग लटकत होता, दोन पट्ट्यांनी.

भाषणाला टाळ्याच टाळ्या. "भविष्य नाही ते ऐकणाऱ्याला" ह्या वाक्यावर तर लोक हसले. खुशीत, मान डोलावत, जणू शेजारच्याबद्दल चाललंय. साहेबांनी मला स्टेजवर बोलावलं. "आमची पदवीधर! सगळं हिचं आहे." मी हात जोडून उभी. चेहऱ्याचं काय करायचं ते समजेना.

आमच्या स्टॉलवर प्लेअर मांडला होता. एका आजोबांनी विचारलं, जरा लावता का काहीतरी? स्टॉलवरचा माणूस म्हणाला, हा शोभेचा आहे, ह्याला वायर नाही.

मोठ्या कंपनीचं काम मिळालं. मामांना साहेबांनी मिठी मारली. मामा रडले. आणि मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. हेही लिहायला हवं.

सामान आवरताना साहेबांना गाठलं. म्हटलं, आता भीती गेली ना? आता तरी बाईंना सांगू या.

"आता? आता तर मुळीच नाही. नव्या खेपेत त्यांचीच गाणी आहेत ना? मग झालं तर. ज्यांना कळलंच नाही त्यांना दुखवायचं कशाला?"

कुणीही ऐकलेलं नाही. जखमच नाही, मग मलम कुणाला लावतेस — असंच ना?

पण बाईंना वाटतंय की त्यांची गाणी लोकांच्या घराघरात पोचली. ती पोचलेली नाहीत. एवढं तरी ज्याचं त्याला कळायला नको?


रविवार, २ मार्च

सकाळी बाबांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. मला वाटलं त्यांना अर्धं कळणार नाही. सगळं कळलं. गुडघा चोळला. मग म्हणाले, "ऐकावं जनाचं, करावं मनाचं." मी म्हटलं, नोकरी गेली तर? "गेली तर काकांना सांगीन, अधिकारी होती, पटलं नाही म्हणून सोडली." आई आतून ओरडली, "आणि डाळ-तांदूळवाल्याला काय सांगणार?" तरी डबा भरून दिला तिनंच. मोकळ्या हातानं म्हाताऱ्या माणसाकडे जाऊ नये म्हणे.

नवी रेकॉर्ड घेतली आहे. दादानं कुणाकडून तरी दिवसापुरता प्लेअर आणून दिला — वायर असलेला.

वाक्य पाठ केलं आहे. बाई, आमच्याकडून एक मोठी चूक झाली, आणि ती कुणाच्याही लक्षात आली नाही.

जाते.


सोमवार, ३ मार्च

बाईंना माहीत होतं.

रेकॉर्ड निघाली त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांकडे नेऊन त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या होत्या. बँड शेवटपर्यंत ऐकला. मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"काय बोलणार, बाळ? मला वाटलं, लेबलं छापून झाल्यावर तुम्ही गाणी ऐकली असतील, आणि बरी वाटली नसतील, म्हणून त्यांच्या जागी बँड घातला असेल. तुझ्या साहेबाला तोंडावर सांगवलं नसेल. लहानपणापासून भिडस्त आहे तो."

त्या दिवसापासून त्या गायलेल्या नाहीत.